आखूड पाऊल

माझ्या सासूने मला पहिल्यांदा पाडलं ते लग्नाच्या तिसऱ्या दिवशी. विहिरीवरून आणलेल्या दोन बादल्या खाली ठेवून मी कंबर सरळ करते न करते, तोच तिने माझं मनगट धरलं, छातीवर हात आडवा टेकवला, आणि मी अंगणात उताणी. वर बोरीच्या फांद्या, आणि त्यांच्यामधून खाली डोकावणारा तिचा सुरकुतलेला चेहरा.

"ऊठ," ती म्हणाली. "हाडं बरी आहेत तुझी. खरं सांगू का, मला सून नकोच होती. पाडायला कुणीतरी हवं होतं. तुझा सासरा गेल्यापासून अंग नुसतं आंबून गेलंय."

मी रडले नाही. उठले, एक बादली उचलली आणि सगळं पाणी तिच्या अंगावर ओतलं. ती भिजल्या कपड्यांत खाली बसून हसत राहिली, ठसका लागेपर्यंत. तिथून आमचं जमलं. माझा नवरा तेलाच्या विहिरींवर कामाला, महिन्यातून दोन दिवस घरी. बाकीचे अठ्ठावीस दिवस मी आणि आई. सासूला मी आईच म्हणत असे.

आमच्या तान वस्तीत मुठीची विद्या, म्हणजे हातापायांनी लढायची कला, जुनी. आमच्या भागात तिचं कुणाला अप्रूप नाही. खारवट जमीन, बोरीची झाडं आणि दर वस्तीची वेगळी मूठ, हे सगळीकडे सारखंच. तानांची मूठ म्हणजे बावीस पावलांची साखळी. एकट्याने करायची, ठरलेल्या हालचाली, ठरलेल्या क्रमाने. समोर कुणी नसतं, पण असल्यासारखं करायचं. त्याने मारलं तर अडवायचं, त्याने धरलं तर सोडवून घ्यायचं. माझे सासरे तान बिंगवेन यांना ही साखळी वस्तीत सगळ्यांत चांगली येत असे. बायकांना ती शिकवायची पद्धत नव्हती. आई ती शिकली ती चुलीपाशी बसून, खिडकीतून नवऱ्याकडे बघत.

पुढे आठ वर्षांनी, १९८४ च्या वसंतात, तालुक्याहून एक पथक आलं. म्हातारी माणसं मरायच्या आत गावोगावच्या जुन्या मुठी कागदावर उतरवून घ्यायच्या, त्यांचं पुस्तक करायचं, असं ठरलं होतं. पथकात कॅमेरा घेतलेला एक माणूस होता आणि वही घेतलेली एक मुलगी, बियान लू. वय असेल सव्वीस-सत्तावीस. स्वतः साखळीच्या स्पर्धांत पदकं मिळवलेली, पाठ ताठ, केस मानेपर्यंत कापलेले.

खळ्यावर सगळी वस्ती जमली. साखळी दाखवायला उभा राहिला शौयी, माझा चुलतदीर, नवऱ्याहून मोठा. तो सासऱ्यांकडे लहानपणी चार वर्षं शिकला होता आणि आता तालुक्याला पोरांचा वर्ग चालवत होता. पांढरी रेशमी विजार-सदरा, कमरेला निळा पट्टा. आणि करायचा तो सुंदर, यात वाद नाही. लांब पावलं, खोल बैठका, प्रत्येक हाताला सपकन आवाज. पोरं टाळ्या पिटत होती.

सातव्या पावलाला आई मोठ्याने म्हणाली, "मेला!"

शौयी थांबला. सगळे वळून बघायला लागले. आई खळ्याच्या कडेला दगडी रुळावर बसून शेंगा सोलत होती.

"कोण मेलं, आजी?" बियानने विचारलं.

"हा मेला. सातव्या पावलाला. पुढची पंधरा पावलं मढ्यानेच टाकायची."

लोक हसले. शौयीच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण तो आवाज चढवणारा माणूस नव्हता. "माझ्या काकू आहेत," तो बियानला म्हणाला. "त्यांनाही थोडं येतं. काकांचं बघून बघून शिकल्या."

"मग दाखवा ना, आजी."

आईने शेंगा माझ्या ओटीत टाकल्या आणि उभी राहिली. अडुसष्ट वर्षांची बाई, काळी विजार, घोट्यापाशी बांधलेली. तिचे पाय छोटे राहावेत म्हणून लहानपणी चार वर्षं पट्ट्यांनी बांधले होते, मग कुणीतरी शहाणपणाने सोडले. त्यामुळे ते ना धड छोटे ना धड मोठे, बोटं आत वळलेली. तिने बावीस पावलं केली. आवाज नाही, सपाटा नाही. आणि सातव्या पावलाला, शौयी जिथे ढांग टाकायचा, तिथे तिने अर्धंच पाऊल टाकलं, आखूड, अडखळल्यासारखं.

बियान वहीत बघत म्हणाली, "सातव्यात फरक आहे."

"पायांमुळे," शौयी हळू आवाजात म्हणाला. "त्यांचे पाय बांधलेले होते ना. लांब पाऊल टाकताच येत नाही. काका लांबच टाकायचे, मी स्वतः शिकलोय त्यांच्याकडे."

बियानने मान हलवली आणि वहीत शौयीचं पाऊल लिहिलं. आई तिथेच उभी होती. मला वाटलं ती आता शिव्या देईल. तिने माझ्या ओटीतल्या शेंगा परत घेतल्या आणि घराकडे चालायला लागली. मला तिचा राग कळतो, पण तिच्या गप्प बसण्याची मला भीती वाटते.

घरी आल्यावर मी विचारलं, "आई, शौयी भावजी म्हणाले ते खोटं ना?"

"खरं आहे."

मी तिच्यासमोर फतकल मारून बसले.

"पायांमुळेच आहे ते पाऊल," ती म्हणाली. "तुझा सासरा लांबच टाकायचा. त्याचा बापही. लग्नानंतर वर्षभराने त्याने मला खिडकीत पकडलं, म्हणाला, चोरून कशाला बघतेस, ये बाहेर. मग फाटक लावून दुपारच्या वेळी मला शिकवायला लागला. सातव्याला माझी ढांग काही पोचेना. मी तोंडावर पडायची. तो हसायचा. मला असा संताप आला, की एक दिवस म्हटलं, आता पोचते तिथपर्यंतच टाकते, काय व्हायचं ते होऊ दे. टाकलं. माझी टाच बरोबर त्याच्या टाचेमागे गेली, गुडघा त्याच्या पोटरीला लागला, आणि हा एवढा मोठा गडी धाडकन खाली." तिने जमिनीवर हात आपटून दाखवला. "उठला. म्हणाला, पुन्हा कर. पुन्हा पडला. सबंध दुपार पडत होता. मग म्हणाला, यिंग, आमच्या घराण्यात सगळे इतकी वर्षं चुकीचं पाऊल टाकत होते. त्या दिवसापासून तोही आखूड टाकायला लागला."

"आणि भावजी?"

"शौयी त्याच्या आधी शिकून गेला होता का नंतर, ते आता आठवत नाही. पण शौयीला त्याने कधी पाडलं नाही, एवढं खरं. दुसऱ्याचं पोर, लागलं तर बोलणी कोण खाणार. साखळी शिकवली आणि लावला वाटेला."

मग तिने मला आणखी एक गोष्ट सांगितली. मध्ये काही वर्षं अशी गेली, की जुनं काही केलेलं कुणाला खपत नसे. भाल्यांच्या काठ्या घराघरांतून काढून जाळल्या. साखळी करताना कुणी पाहिलं, तर लगेच ओळखता येते. म्हणून हे दोघे साखळी करतच नसत; नुसते झोंबायचे. नवराबायको अंगणात झोंबताना दिसली, तर लोकांना वाटतं भांडण आहे. शेजाऱ्यांनी तक्रार केली, की बिंगवेन बायकोला मारतो. बायकांच्या कमिटीची बाई समजूत घालायला आली, तर बिंगवेनचा ओठ फाटलेला आणि आई चुलीवर लापशी ढवळत बसलेली. त्या बाईने जाताना बिंगवेनलाच धीर दिला म्हणे.

"ती माणसं पुस्तकात त्याचं नाव घालणार," आई म्हणाली. "आणि पाऊल घालणार ते, जे त्याने स्वतः सोडून दिलं. मी जिवंत असताना."

त्या शरदात बोरं उतरवून झाल्यावर तालुक्याला स्पर्धा होती. सकाळी साखळ्या, दुपारी नव्या तऱ्हेच्या मोकळ्या लढती, हातमोजे घालून. आईने माझं नाव दिलं. मला न विचारता.

"मी एकतीस वर्षांची आहे, आई. दोन पोरांची आई आहे."

"मग काय, पोरं कमरेला बांधून जायचंय का?"

धान्याच्या गोदामाचं पटांगण होतं. टेबलामागे पाच परीक्षक, मधे फू नावाचे मुख्य परीक्षक. मी माझ्या निळ्या कामाच्या कपड्यांत बावीस पावलं केली, जशी आईकडून शिकले तशी, सातवं आखूड. शौयीला मिळाले नऊ पूर्णांक एक. मला सात पूर्णांक चार. माझ्यापेक्षा कमी गुण फक्त एका म्हाताऱ्याला होते, तो मधेच विसरला होता.

मी गपचूप परत येत होते. आई उलट दिशेने, टेबलाकडे निघाली. मी तिची बाही धरली, तिने सोडवून घेतली.

"दोष कुठे आहे तो मला सांगा," ती फूंना म्हणाली.

फू सभ्य माणूस. "आजीबाई, सातव्या हालचालीत पाऊल अर्धवट पडतं. ओळ तुटते. दिसायला..."

"कुणाला दिसायला?"

"परीक्षकांना."

"परीक्षक हिला मारायला येणार आहेत का?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. शौयी धावत आला. "काकू, घरी चला. लोक बघतायत."

"बघू देत. बघायलाच आलेत ना? बरा आलास. तू धर हिला. तुझ्या पावलाने हिला पाड, मग ही आपल्या पावलाने तुला पाडेल. लोकांनाच कळू दे."

शौयी एक पाऊल मागे सरला. "धाकट्या भावाच्या बायकोला हात लावू? चारचौघांत? काकू, काय बोलता!"

आणि तेव्हा दुपारच्या लढतीसाठी आलेला एक पोरगा, मेंग त्ये नाव, वीस-एकवीस वर्षांचा, मान खांद्यात रुतलेली, हातमोजे घालत घालत पुढे आला. "मी धरतो की," तो म्हणाला. "मी कुणाचाच दीर नाही."

सगळं पटांगण खदखदलं. फू नाही म्हणाले. बायकांच्या लढती ठेवलेल्याच नव्हत्या. पण लोक ओरडायला लागले, होऊ दे, होऊ दे. फूंनी हात वर केले. मला कुणीतरी हातमोजे घातले. आतून ओले, दुसऱ्याच्या घामाचे.

खरं तेच सांगते. पहिल्या क्षणाला माझ्या नाकावर जे बसलं, ते काय होतं हेही मला दिसलं नाही. तो मला धरेल, असं मला वाटत होतं. आईने आठ वर्षं मला धरलं होतं, ओढलं होतं, पाडलं होतं. लांबून, सरळ, असं काही कधी आलंच नव्हतं. मी तिसऱ्या पावलाच्या पवित्र्यात होते आणि त्या पवित्र्यात डावा हात कमरेशी असतो. नाक उघडं. रक्त ओठांवर आलं. 

"थांबायचं का, ताई?" मेंगने विचारलं. उर्मटपणा नव्हता त्याच्या बोलण्यात.

"तू थकलास का?" मी म्हटलं.

दुसऱ्यांदाही खाल्ला, कानशिलावर. तिसऱ्यांदा मी काही साखळीबिखळी न करता सरळ आत घुसले, डोकं खाली घालून, आणि त्याला मला मिठीत धरावं लागलं. आता तो जवळ होता. त्याने मला उचलायला जोर लावला, त्याचा उजवा पाय पुढे आला, आणि माझं पाऊल त्याच्या टाचेमागे कधी गेलं ते मला ठाऊक नाही. अर्धंच पाऊल. हात त्याच्या छातीवर आडवा. तो पडला तो पाठीवर, सबंध, आणि तोंडातून हवा निघाल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

तो हसत उठला. "काय होतं ते? परत करा."

परत केलं. परत पडला. मग त्याला कळलं, की जवळ यायचं नाही. त्याने मला लांबून आणखी दोनदा मारलं आणि फूंनी शिट्टी वाजवली.

चारदा मार खाल्ला, दोनदा पाडलं. जिंकले असं कुणी म्हणणार नाही. गुण सात पूर्णांक चारच राहिले. साखळीचे गुण साखळीला, फू म्हणाले, आणि नियमाप्रमाणे त्यांचं बरोबरच होतं. पण टेबलाच्या कडेला बियान लू उभी होती. तिची वही मिटलेली होती.

बैलगाडीतून परत येताना माझ्या नाकात कापूस होता. आई म्हणाली, "चारदा खाल्लास."

"तुम्ही मला पाडलंत," मी म्हटलं, "पण मारलंत कधी? तिसऱ्या पावलाला हात खाली कशाला असतो हो?"

"मनगट धरलं तर सोडवायला. आमच्या वेळी आधी धरायचे, मग मारायचे."

"आता नाही धरत."

ती तोंड फिरवून कापसाच्या शेतांकडे बघत बसली. 

थंडीत, गव्हाच्या पेरण्या कधीच्या उरकून गेल्या होत्या तेव्हा, बियान लू सायकलवरून एकटी आली. म्हणजे एकटी येणार होती. रस्त्यात मेंग त्ये भेटला. तोही आमच्याकडेच येत होता. त्याला ते पाऊल हवं होतं. दोघं फाटकात उभे राहिले, नाकं लाल, आणि आधी कोण बोलणार म्हणून एकमेकांकडे बघत होते.

"आजी, तुमची साखळी मला पुन्हा लिहून घ्यायचीय," बियान म्हणाली. "सातव्या पावलासकट."

"लिहून काय घेतेस? आधी पड."

"म्हणजे?"

"तुला कुणी कधी पाडलंय का, पोरी?"

बियानने विचार केला. प्रामाणिक मुलगी. "नाही," ती म्हणाली. "मी अकरा वर्षं साखळ्या करते. पण मला कधी कुणी हात लावलेला नाही."

"मग तुला कळणार कसं कुठलं पाऊल खरं?"

आम्ही अंगणात गवताच्या पेंढ्या अंथरल्या. बियानने कोट काढला. त्या दुपारी मी तिला तीस-चाळीस वेळा पाडलं असेन, दोन्ही पावलांनी. आधी शौयीच्या लांब, मग आईच्या आखूड. लांब पावलाने ती निम्म्या वेळा निसटायची, एकदा तर तिने माझाच पाय अडकवून मलाच बसवलं. आखूड पावलाने ती दरवेळी गेली. शेवटी केसांत गवत, कोपर सोललेलं, ती पेंढीवर बसून राहिली आणि अचानक तिचे डोळे भरून आले.

"लागलं का?" मी विचारलं.

"नाही. अकरा वर्षं, ताई. मी अकरा वर्षं कुणाशी लढत होते?"

"रडू नकोस," आई म्हणाली. "पाठ आहे ना सगळं? मग अर्धं काम झालंय. आता माणूस समोर उभा कर. या गड्याला पाठ काहीच नाही, हा नुसता मारतो. तुमचं दोघांचं मिळून एक शहाणं माणूस होईल."

मेंग मुटका खात होता, मक्याचा, खारवलेल्या मुळ्याबरोबर. त्याने मान डोलवली.

मग मी ते केलं जे मी दोन महिने गोठ्याच्या आड करत होते. मेंगला हातमोजे घालायला लावले, समोर उभं केलं आणि तिसरं पाऊल टाकलं. पण डावा हात कमरेशी ठेवला नाही. वर, हनुवटीशी ठेवला.

"हे काय?" आई म्हणाली.

"बघा आधी."

"हात खाली. साखळीत हात खाली आहे."

"मेंग, मार," मी म्हटलं. त्याने मारलं. मूठ माझ्या हातावर बसली, मी आत गेले, आणि तो गवतात.

"हात खाली!" आई ओरडली. "तुझ्या सासऱ्याने असं कधी केलं नाही!"

"सासऱ्यांनी सातवं बदललं ना? तुम्ही पाडलंत म्हणून बदललं. मला यानं इथे मारलं." मी नाकावर बोट ठेवलं. "तुमचे पाय लहान म्हणून तुमचं पाऊल खरं, आणि माझं नाक फुटलं तर माझा हात खोटा? असं कसं, आई?"

मी तिच्यावर त्याआधी कधी आवाज चढवला नव्हता. पाणी ओतलं होतं, पण आवाज नाही. बियान आणि मेंग जमिनीकडे बघत होते. आई माझ्या समोर आली, मेंगचा मोजा त्याच्या हातातून ओढून काढला, आपल्या हातात चढवला. तिच्या मनगटावर तो पातेल्यासारखा हलत होता. आणि काही न सांगता तिने मला मारलं. नाकावर, सरळ, लांबून, जमेल तेवढं. मी अडवलं. तिने पुन्हा मारलं. अडवलं. मग तिने मला हात खाली ठेवायला लावून मारलं, आणि ते बसलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

ती मोज्याकडे बघत राहिली, उलटून पालटून.

"मजा आहे याची," ती म्हणाली. मग बियानकडे वळली. "लिही. तिसऱ्याला डावा हात हनुवटीशी. सुनेने बदललंय म्हणून लिही."

बियानने लिहिलं. तीन दिवस ती आमच्याकडे राहिली, चुलीच्या धगीने तापणाऱ्या विटांच्या ओट्यावर आईच्या शेजारी झोपली, आणि बावीस पावलं, प्रत्येकाचा लढतीतला उपयोग, सगळं उतरवून घेतलं. जाताना तिने बॅगेतून एक छापील कागद काढला. तो काढताना तिला अवघड झालं हे दिसत होतं.

"हे आधीच तयार आहे," ती म्हणाली. "पथकप्रमुखांनी दिलंय. एका वस्तीची एकच साखळी छापायची, मूळची. शौयींनी सही केलीय. यात लिहिलंय, 'तान बिंगवेन यांच्या परंपरेनुसार'. म्हणून घरच्यांचा, म्हणजे तुमचा अंगठा हवा. मी माझं टिपण वर देईन, भांडेनही. पण घेतीलच असं सांगू शकत नाही."

"आणि नाही घेतलं तर यात लांब पाऊल?"

"हो."

"आणि खाली माझ्या नवऱ्याचं नाव?"

"हो."

आईने कागद घेतला. तिला वाचता येत नव्हतं. मला विचारलं, त्याचं नाव कुठे आहे. मी बोट ठेवलं. तिने चुलीतली कोळशाची काडी घेतली आणि तेवढ्या अक्षरांवर आडवी काळी रेघ ओढली. मग पुन्हा एकदा, जोर लावून.

"शौयीचं नाव घाला. त्याचं पाऊल आहे, त्याचं नाव असू दे. माझा नवरा ते पाऊल टाकून ज्या दिवशी पडला, त्या दिवशी हसला आणि ते सोडून दिलं. ज्या पानावर तो चुकलेला दिसेल त्या पानावर तो नको. नको म्हणजे नको."

"आजी, मग पुस्तकात त्यांचं नाव कुठेच राहणार नाही."

"नको राहू दे."

"तुमचंही नाही."

"माझं होतं कुठे?"

बियान भांडली, हे मला नंतर मेंगकडून कळलं. वर्षभर भांडली, दोन पत्रं लिहिली, आणि तिची बदली पोरांच्या क्रीडाशाळेत झाली. पुस्तक आलं. तान वस्तीचं पान त्यात आहे, शौयीचा फोटो आहे, ढांग लांब, चेहरा गंभीर, खाली त्याचं नाव. सासऱ्यांचं नाव नाही. मी ते पान आईला दाखवलं. तिने फोटो बराच वेळ बघितला. "पोरगा देखणा आहे," म्हणाली, आणि पुस्तक ओट्याच्या कोपऱ्यात सरकवलं. दुसऱ्या दिवशी मी बघितलं, तर ती त्यावर भिजवलेल्या सोयाबीनचं भांडं ठेवत होती. 

त्या वसंतात मी खळ्यावर वर्ग सुरू केला. शौयीचा वर्ग तालुक्याला, माझा इथे. नऊ मुली आल्या. वस्तीतल्या म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली, एकाने येऊन सांगितलं, की तानांची मूठ मुलींना शिकवायची पद्धत नाही. आई रुळावर बसली होती. "बरोबर आहे," ती म्हणाली. "पद्धत नाही. उद्या तुझ्या नातीला पाठव." त्याची नात आली. दहा झाल्या. पहिला महिना मी त्यांना एकही पाऊल शिकवलं नाही. नुसतं पडायला शिकवलं.

शौयी आला तो पुस्तक आल्याच्या दुसऱ्या वर्षी, गव्हाच्या काढणीनंतर. त्याची दोन पोरं हातमोज्यांच्या लढतीत उतरली होती आणि दोघांचीही तोंडं फुटली होती. तो रेशमी कपड्यांत नव्हता. खळ्याच्या कडेला सायकल उभी केली, सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या. सगळ्या मुली थांबल्या.

"ह्वेइफन," तो म्हणाला, "मला पाड."

"चारचौघांत, भावजी?"

"चारचौघांत."

मी आईकडे बघितलं. तिने काही खूण केली नाही. मी शौयीचं मनगट धरलं. त्याने सवयीने लांब ढांग टाकली, सुंदर, आणि मी त्याचा पाय अडकवून त्याला बसवलं. तो उठला, विजार झटकली. दुसऱ्यांदा त्याने पाऊल आखडायचा प्रयत्न केला, पण लहानपणापासूनची सवय. मधेच लांब झालं. पुन्हा खाली. तिसऱ्यांदा त्याच्या ओठातून थोडं रक्त आलं. एक मुलगी हसली, आईने तिच्याकडे असं बघितलं, की ती गप्प.

"पुन्हा," शौयी म्हणाला.

पाचव्या-सहाव्या वेळेला त्याची टाच माझ्या टाचेमागे आली, गुडघा पोटरीला लागला, हात आडवा पडला, आणि मी गेले. गवत नव्हतं, खळ्याची कडक जमीन. पाठीतून कळ गेली. मी उताणी पडून वर बघत होते आणि तो माझ्यावर वाकून घाबऱ्या आवाजात विचारत होता, "लागलं का? लागलं का गं?"

"लागणारच," रुळावरून आई म्हणाली. "बाजूला हो, तिला उठू दे. आता तिची पाळी."